दोन खांबांचं अंतर : शाहूनगरच्या ब्रूनोचं प्रकरण

फाटकावर दोन पाट्या होत्या. एक सुभेदारांच्या नावाची, पितळेची, घासूनपुसून लखलखीत. दुसरी 'कुत्र्यापासून सावध'ची, आणि तिच्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'मालक पण पडतात'. गल्लीतल्या पोरांचा उद्योग. काकांनी ते पुसलं नव्हतं.

साताऱ्यात शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर हे घर. कुत्र्यांच्या वागणुकीची प्रकरणं हाताळणं हे माझं काम, त्यासाठीच ऑगस्ट 2024 मध्ये मी तिथे पहिल्यांदा गेले. माणसांची नावं इथे देत नाही, काका आणि काकू एवढं पुरे. कुत्र्याचं नाव ब्रूनो, वय सव्वातीन वर्षं, वजन 34 किलो. काकू त्याला बाळ्या म्हणतात आणि तो ओ देतो तो बाळ्यालाच.

तक्रार

काकांनी तक्रार फौजी शिस्तीत, क्रमाने मांडली. बाहेर पडलं की दिसेल त्या कुत्र्यावर भुंकत झेप. सायकलवर तर हमखास. घरी पाहुणा आला की आधी भुंकणं, मग अंगावर उड्या, मग त्याची चप्पल पळवणं. आणि चार दिवसांपूर्वीचा प्रकार. शेवाळलेल्या उतारावर समोरून एक कुत्रं आलं, ब्रूनो ताठ झाला, काकांनी पट्टा आवळला, ब्रूनो गर्रकन फिरला आणि त्याचे दात काकांच्या पोटरीत.

"तीस वर्षं फौजेत काढली, एक ओरखडा नाही. आणि माझ्याच कुत्र्यानं मला धरलं," काका म्हणाले. मग जरा थांबून, "शाहू महाराजांचा खंड्या वाघाला भिडला म्हणतात. आमचं हे सायकलला भितंय."

त्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे, सातारकरांना हे सांगायला नको. मी मात्र काकांच्या शेवटच्या शब्दापाशी अडकले. भितंय. तोवर घरात, गल्लीत, मुलाच्या फोनवर सगळे ब्रूनोला तापट, डोक्यावर बसलेला, माजलेला म्हणत होते. खरं निदान काकांनी चेष्टेत करून टाकलं होतं.

आधी जखमेचं. काकूंनी तिच्यात हळद दाबली होती. हळद नको, तिखट नको, चुना तर नकोच. वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, कुत्रा घरचा असो, त्याची लस झालेली असो. काकांची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली.

आणि चावा काकांनाच का? ब्रूनोने काकांना चावायचं ठरवलं नव्हतं. एसटीच्या दारात दोघांची जुंपलेली असताना मागून कुणी खांदा ओढला, तर माणूस न बघता हात उगारतो. नंतर कळतं की आपलाच भाऊ होता. समोरच्या कुत्र्यापर्यंत पोचता येत नाही, मानेला कळ लागली, आणि जवळ जे होतं त्यावर दात पडले. अशा चाव्यानंतर घरात विश्वास तुटतो आणि कुत्र्याला गच्चीवर बांधायला सुरुवात होते. इथेही झाली होती.

आधी काय घडलं होतं

2021 च्या लॉकडाउनमध्ये मुलाने हे पिल्लू पुण्यात घेतलं, दीडेक महिन्याचं. लॅब्राडोर म्हणून विकलेलं. कान आणि कंबर बघता त्यात गावठी रक्त बरंच असावं, आणि त्यात वाईट काही नाही. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे जे भेटतं ते त्याच्या जगात सहज सामावून जातं: नऊवारीतली आजी, काठी टेकणारा म्हातारा, म्हैस, रिक्षा, दुसरी कुत्री. ब्रूनोचे ते आठवडे एका फ्लॅटमध्ये, एक माणूस आणि एक लॅपटॉप यांच्या संगतीत गेले. दोष कुणाचा नाही, तेव्हा दार उघडायचीच चोरी होती. 2023 मध्ये मुलाची नोकरी हैदराबादला गेली आणि ब्रूनो साताऱ्याला आला.

इथे त्याच्यापुढे सगळं एकदम आलं. पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला निघालेली अर्धी वसाहत, गल्लीतली चार मोकळी कुत्री, उतारावरून ब्रेक न लावता सुटणारी पोरं. त्याने भुंकून बघितलं. कुत्रं निघून गेलं. सायकल तर जाणारच होती. ब्रूनोच्या हिशोबात मात्र ती त्याच्या भुंकण्याने गेली.

मग एक ट्रेनर येऊन गेला. त्याने आतून दाते असलेला धातूचा पट्टा दिला आणि बॉस कोण ते याला दाखवा, असं सांगितलं. ही बॉसगिरीची कल्पना कैदेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांकडे बघून आली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्येच मांडलं. पण आपल्याकडे अजून पट्टे विकले जातात.

त्या पट्ट्याने झालं ते असं: कुत्रं दिसलं की मानेत दाते रुतणार. रोज दोनदा, चार महिने. कुत्रं दिसणं आणि कळ येणं यांची गाठ पक्की बसली. मधले काही आठवडे ब्रूनोचं गुरगुरणं थांबलं आणि घर खूश झालं. गुरगुरणं हा त्याचा इशारा होता. इशाऱ्याला शिक्षा होते म्हणून त्याने इशारा सोडला, भीती नाही सोडली. नंतर तो न गुरगुरताच झेपावायला लागला.

दोरीचं दुसरं टोक

पहिल्या भेटीत मी ब्रूनोला हात लावला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. जाळीच्या दारापलीकडे तो, अलीकडे मी पाठ फिरवून, मधूनमधून उकडलेल्या चिकनचा तुकडा फरशीवर सरकवत. पहिली वीस मिनिटं त्याने एकही खाल्ला नाही. लॅब्राडोरच्या रक्ताचा कुत्रा नाकापुढचं चिकन सोडतो, तेव्हा तो हट्टी नसतो, त्याचा घसा आवळलेला असतो. खायला लागला की समजायचं, आता शिकू शकेल.

पुढची गॅलरी बघितली. जमिनीपासूनचं ग्रिल, थेट गल्लीवर. दिवसभर हा तिथे पहाऱ्याला. पोस्टमन, दूधवाला, शाळेची पोरं, सगळे येतात, हा भुंकतो, सगळे जातात. दिवसाला साठसत्तर विजय. असा कुत्रा संध्याकाळी फिरायला निघतो तेव्हा तो ताजातवाना नसतो, डबल ड्यूटी करून निघालेला असतो. काकांनी माळ्यावरून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स काढला आणि ग्रिलच्या खालच्या अर्ध्याला उलटा बांधला, पांढरी बाजू आत. नेत्याचा चेहरा गल्लीकडे हसत राहिला. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त, आणि पहिल्याच आठवड्यात सर्वांत जास्त फरक यानेच पडला.

मग दोरी. काका म्हणत होते, "मी तर ढिलीच धरतो." मी म्हटलं, आज ब्रूनो मी. छातीचा पट्टा माझ्या मनगटाला अडकवला, डोळे मिटले, आणि काकांना म्हटलं, चला गल्लीत. मला काही दिसत नव्हतं. दूध डेअरीच्या वळणाच्या अलीकडे दोरी एकदम दोन इंच आखडली आणि तिच्यातून बारीक थरथर आली.

"कुत्रं दिसलं ना काका?"

"दिसलं. पण लई लांब आहे ते."

"मला दोरीतून कळलं. ब्रूनोला तर मानेतून कळतं."

काका काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तो दात्यांचा पट्टा स्वतःच खुंटीवरून काढला. पुढचे आठ दिवस ब्रूनोला घरी ठेवून ते काकूंच्या हातात दोरी देऊन गल्लीत सराव करत होते. लोक काय म्हणाले असतील ते असो.

ब्रूनोकडे बघायचं कुठे, हेही ठरवलं. शेपूट नव्हे. हलणारी शेपूट म्हणजे खुशी, हा मोठा गैरसमज आहे; उंच, ताठ, भराभर हलणारी शेपूट झेपेच्या आधीचीही असते. ब्रूनोच्या बाबतीत पहिली खूण होती तोंड. चालताना तो जीभ काढून धापत असतो. कुत्रं दिसलं की तोंड मिटतं. मग कान पुढे, वजन पुढच्या पायांवर, अंग गोठतं, मग झेप. तोंड मिटणं आणि गोठणं यांच्यात दीडदोन सेकंद मिळतात. जे करायचं ते तेवढ्यात.

डायरी

काकूंनी पतसंस्थेची भेट मिळालेली डायरी काढली. तारीख, वेळ, काय दिसलं, किती लांब, काय केलं, आणि दिवसभरात आधी काय झालं होतं. 'किती लांब'वर गाडी अडली. काकू मीटरमध्ये विचार करत नाहीत. त्यांनी गल्लीतले विजेचे खांब धरले. 'कुत्रं, दोन खांब, बघितलं, भुंकला नाही.' 'कुत्रं, दीड खांब, भुंकला.' मी पावलांनी मोजलं, एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जवळपास 30 मीटर. म्हणजे ब्रूनोची हद्द साठ मीटर. त्याच्या आत कुत्रं आलं की ब्रूनोचं डोकं बंद. इतकं मोठं अंतर मी क्वचित बघितलं आहे, पण डायरीमुळे अंदाज करायची वेळ आली नाही.

तीन आठवड्यांनी डायरी पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. वाईट सकाळी एकमेकींपासून लांब विखुरलेल्या नव्हत्या, त्या जोडीने येत. गणपती जवळ आले होते (त्या वर्षी चतुर्थी 7 सप्टेंबरला), आणि खालच्या मैदानावर ढोलताशाचा सराव चाले. सरावाच्या संध्याकाळनंतरची सकाळ हमखास बिघडलेली. ताण रात्रीत उतरतोच असं नाही. कालचा ढोल, आजची फटफटी आणि वर एक कुत्रं, असं एकावर एक चढत जातं आणि शेवटी जे समोर येतं त्याच्यावर खापर फुटतं.

दुसरी गोष्ट काकूंनी पकडली. "बाळ्या चेंडू खेळला की दुसऱ्या दिवशी जास्त करतोय बघा." मुलाची फोनवरून सूचना होती, रोज गच्चीवर तासभर चेंडू टाका, दमला की शांत होईल. गुळगुळीत फरशी, अचानक वळणं, तासभर. मी ब्रूनोला चालताना मागून बघितलं: चढावर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो, बसताना एक पाय बाहेर काढतो. पशुवैद्यकांनी एक्स-रे काढला, खुब्याचे दोन्ही सांधे सैल. लॅब्राडोरमध्ये हे नेहमीचं दुखणं. ज्याला पळता येत नाही, ज्याचं अंग दुखतं, तो लांबूनच 'येऊ नको' ओरडणार. वागणुकीच्या प्रत्येक प्रकरणात दुखणं आधी तपासायचं हे मला ठाऊक होतं, तरी मी तीन आठवडे चेंडूबद्दल विचारलंच नव्हतं.

वेदनेचं औषध सुरू झालं, वजन कमी करायचं ठरलं. काकांनी घरातली स्वतःची गुडघ्याची गोळी द्यायची तयारी दाखवली होती. वेळेवर विचारलं म्हणून बरं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात.

चेंडू बंद. त्याऐवजी हुंगणं. काकू परसात भाकरीचे बारीक तुकडे गवतात फेकायच्या आणि ब्रूनो पंचवीस मिनिटं नाक घालून शोधायचा, नंतर जो झोपायचा तो चेंडूनंतर कधीच झोपला नव्हता. फिरणंही बदललं: पहाटेची वर्दळ सोडून सकाळी दहाला, पाच मीटरची सुती दोरी, छातीचा पट्टा, आणि वाटेतला प्रत्येक खांब, प्रत्येक दगड हुंगायची मुभा. काकांना सुरुवातीला हे सोसवेना. "अर्ध्या तासात तीन घरं झाली, मॅडम."

मुख्य काम मात्र साधंच होतं आणि कंटाळवाणं. दोन खांबांपलीकडे कुत्रं दिसलं, की चिकन. कुत्रं गेलं, चिकन बंद. क्रम उलटा चालत नाही. आधी चिकन दाखवलं तर चिकन हीच कुत्रं येण्याची खूण बनते, आणि कुत्रा चिकनला संशयाने बघायला लागतो. भुंकला तरी रागवायचं नाही, फक्त अंतर वाढवायचं. गुरुवारी घरात चिकन शिजत नाही, तेव्हा पनीर. पहिले बारा दिवस काही घडलं नाही. तेराव्या दिवशी दोन खांबांवर एक कुत्रं दिसलं, ब्रूनोने बघितलं आणि मान वळवून काकांच्या खिशाकडे पाहिलं. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज नातू झाल्यासारखा होता.

अचानक जवळ कुणी आलंच तर मागे फिरायचा एक हुकूम हवा होता. मी दोन शब्द सुचवले, काकांच्या तोंडी बसेनात. मग ते म्हणाले, "पीछे मुड चालेल का?" चालेल म्हणजे काय! तीस वर्षांचा सराव होता त्या शब्दात, भीती चिकटलेली नव्हती. अंगणात, मग रिकाम्या गल्लीत, 'पीछे मुड' म्हणत काका वळायचे, ब्रूनो वळायचा, पाच पावलांवर चिकन. सरावाला काकांची टाच आपोआप आपटायची.

मुसकंही शिकवलं, जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं. काका शेतकऱ्याचा मुलगा, मळणीतल्या बैलाचं मुसकं त्यांना ठाऊक, काकूंना मात्र ते बघवेना. आत दही लावून रोज काही सेकंद. पंधरा दिवसांनी मुसकं खाली काढलं की ब्रूनो स्वतःहून तोंड घालायला लागला.

माझी चूक

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अंतर एका खांबावर आलं होतं. मला हुरूप आला. काकांना म्हटलं, रविवारी गोडोली तळ्याकडे जाऊ, नवी जागा, मी सोबत असेन. रविवार का निवडला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला रविवारी वेळ होता, एवढंच.

एक तगडा, हसरा लॅब्राडोर मोकळा सुटून सरळ आमच्याकडे आला. मागून त्याची मालकीण हात हलवत, "काही करत नाही हो आमचा!" तुमचा करत नाही, पण आमचा करतो, हे ओरडून सांगेपर्यंत दोघं एकमेकांवर होते. मुसकं होतं म्हणून रक्त निघालं नाही. पण ब्रूनो जागेवर लघवी करून बसला आणि घरी येईपर्यंत काकांच्या पायामागे चालत राहिला.

डायरीत पुढचे तीन आठवडे पुन्हा 'दोन खांब', 'दोन खांब'. काकूंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, चहाही नेहमीसारखाच दिला, म्हणून जास्त लागलं. त्या दिवशी मी ब्रूनोची प्रगती मोजली होती. ब्रूनोला त्या आठवड्यात जुलाब झाले होते आणि काका दोन रात्री नीट झोपले नव्हते, हे मोजलं नव्हतं. दोन्ही गोष्टी डायरीत लिहिलेल्या होत्या.

गोळी

त्यातच दिवाळी. फटाक्यांच्या रात्रींसाठी पशुवैद्यकांनी तेवढ्यापुरतं औषध दिलं. पूर्वी अशा वेळी सर्रास एसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध देत. त्याने अंग सुस्तावतं, भीती तशीच राहते, कुत्रा घाबरतो आणि हलूही शकत नाही. मागच्या दिवाळीला ब्रूनोला कुणीतरी तेच दिलं होतं, आणि काकूंना वाटलं होतं, किती शांत झोपला. यंदा आतल्या खोलीत, पंखा आणि टीव्ही लावून, पलंगाखाली जुनी गोधडी. काकू रात्री जवळ बसल्या. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं, हे खरं नाही.

दिवाळीनंतर रोजची गोळी सुरू करायची का, हा प्रश्न आला: फ्लुऑक्सेटिन, भीती आणि चिंता कमी करणारं औषध. काकू म्हणाल्या, "वेड्याची गोळी देता व्हय माझ्या बाळ्याला?" काका शांतपणे म्हणाले, "माझी बीपीची गोळी तू रोज न चुकता देतीस." तो विषय तिथे मिटला. या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिले काही दिवस भूक मंदावते, आणि ते आपल्या मनाने एकदम बंद करायचं नसतं. गोळी कुत्र्याला काही शिकवत नाही. ती हद्द थोडी अलीकडे आणते, शिकवायला जागा होते. मी खरं तर ती सप्टेंबरमध्येच सुचवायला हवी होती. काकू नाही म्हणतील म्हणून विषय काढला नाही.

एप्रिल 2025

ब्रूनोची हद्द आता अर्धा खांब, म्हणजे पंधराएक मीटर. मानेत दाते नाहीत, वजन 30 वर आलं आहे, चढावर पाय एकामागून एक पडतात. पाहुणा आला की तो जाळीच्या दारामागे, गोधडीवर, तोंडात दोरीची गाठ घेऊन. पाहुणा बसला की मग भेट. चप्पल अजून पळवतो. गॅस सिलिंडरच्या टेम्पोवर अजून भुंकतो, ते लोखंड आपटणं त्याला खपत नाही आणि आम्हीही तिथे जोर लावलेला नाही. खालच्या गल्लीतल्या दोन नरांच्या वाटेने काका जातच नाहीत. तळ्याकडे रविवारी कुणीच नेत नाही. गोळी चालू आहे, पावसाळ्यानंतर हळूहळू कमी करता येईल का ते पशुवैद्यक बघतील.

परवा मी गेले तेव्हा काका आणि ब्रूनो गल्लीच्या मध्यावर होते. उताराच्या वरच्या टोकाला दोन पोरं सायकलींवर, एक पाय जमिनीवर टेकून थांबलेली. "सुभेदार काका, येऊ का?" काकांनी हात वर केला, "पीछे मुड," आणि दोघं बाजूच्या बोळात वळले. मग पोरं सुटली.

काकू ओट्यावर डायरी घेऊन होत्या. चष्मा वर करून त्यांनी खांब मोजले आणि लिहिलं: सायकल, दोन. पाऊण खांब. तोंड उघडं.